दिसलं का, टीचर?

हेलन टीचरांचं जगातल्या बहुतेक माणसांबद्दलचं मत वाईट होतं, आणि ते त्यांनी कधी लपवून ठेवलं नाही. वसईतल्या मराठी शाळेत चौतीस वर्षं भूगोल आणि विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपसमारंभात मुख्याध्यापकांनी त्यांना ‘शिस्तप्रिय’ म्हटलं. मागच्या बाकांवर बसलेले माजी विद्यार्थी एकमेकांना कोपराने ढोसून हसले, कारण त्या शब्दाचा अर्थ त्यांच्या कानशिलांना चांगला ठाऊक होता. टीचरांनी शाल घेतली, नारळ घेतला, मुख्याध्यापकांच्या भाषणातल्या व्याकरणाच्या दोन चुका सांगितल्या आणि त्या खाली बसल्या.

घर वसईच्याच होळी गावात. पुढे वाडी, वाडीत केळी, माठ, मुळा, मागे विहीर. लग्न त्यांनी केलं नाही आणि का केलं नाही हे विचारायची गावात कुणाची छाती झाली नाही. एकदा कुणीतरी स्थळ आणलं होतं, तेव्हा टीचरांनी त्या भल्या माणसाला बसायला खुर्ची देण्याआधी विषुववृत्त कोणकोणत्या देशांतून जातं ते विचारलं, असं सांगतात. धाकटी बहीण सुझान नवरा गेल्यावर माहेरी परत आली. वाडी तिनेच सांभाळली, भाजी तिनेच काढली, बाजारात तीच गेली. टीचर सकाळी पडवीत बसून वर्तमानपत्र वाचायच्या आणि त्यातल्या चुका लाल पेनने अधोरेखित करायच्या. बहिणींचं पटायचं असं म्हणवत नाही, पण जेवायला दोघी एकाच टेबलावर बसायच्या.

अशा ह्या बाईंच्या आयुष्यात एकच हळवी जागा होती आणि ती नववीच्या भूगोलाच्या पुस्तकात होती. वर्षावनांचा धडा. तो आला की टीचर हिरवे खडू काढायच्या आणि फळ्यावर जंगलाचे चार थर काढायच्या. सगळ्यांत वर डोकं काढून उभी असलेली उंच झाडं, त्यांच्याखाली छत धरल्यासारखी दाट पानं, त्याखाली झुडपं आणि वेली, आणि तळाला काळोख. छताच्या थरात, एका फांदीवर, त्या तपकिरी खडूने एक ओरांगउटान काढायच्या, पोटाशी पिल्लू घेतलेली. ती अभ्यासक्रमात नव्हती. पुस्तकात होतं ते एक धुरकट काळंपांढरं चित्र, ज्यात माकड कुठलं आणि खोड कुठलं हे कळायचं नाही. मुलं विचारायची, “टीचर, हे परीक्षेला येणार का?” नाही म्हटलं की सगळ्या माना खाली जायच्या. टीचरांना तेव्हा त्या पोरांची मनापासून कीव यायची. चौतीस वर्षं त्यांनी ती ओरांगउटान काढली आणि स्वतः मात्र वेलंकनी आणि गोवा ह्यांच्यापलीकडे कधी गेल्या नाहीत.

मग डोळे बिघडले. सुरुवात देवळात, म्हणजे चर्चमध्ये झाली. रविवारच्या मिस्साला गीतांचं पुस्तक उघडलं तर प्रत्येक ओळीच्या मधली अक्षरं गायब. टीचरांनी आधी छापखान्याला शिव्या घातल्या. पुढच्या रविवारी फादरांचं तोंडही गायब झालं, फक्त कान आणि झगा शिल्लक, तेव्हा त्या मुकाट्याने डॉक्टरकडे गेल्या. पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, असं डॉक्टर म्हणाले. डाव्या डोळ्याचा गेलेला होता, उजव्याचा जात होता. इंजेक्शनं झाली, पण गेलेलं परत येणार नव्हतं. “कडेचं दिसत राहील हं,” डॉक्टर फार मायेने म्हणाले, आणि त्या मायेबद्दल टीचरांनी त्यांना आजतागायत क्षमा केलेली नाही.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, सुझानलाही नाही. त्यांना आपला गाव माहीत होता. मटिल्डाबाईंना दिसेनासं झालं तेव्हा सगळा गाव त्यांच्याशी ओरडून बोलायला लागला, कान गेल्यासारखा. देवळाच्या पायऱ्यांवर चार बाया त्यांना दोन्ही बाजूंनी धरायच्या आणि “पायरी! पायरी!” म्हणून ठणाणा करायच्या. तीस वर्षं त्याच पायऱ्या चढलेली बाई शेवटी मिस्साला यायचीच बंद झाली. आपल्या दंडाला असा कुणाचा हात लागला तर आपण तो चावू, ह्याबद्दल टीचरांना शंका नव्हती. म्हणून त्यांनी कडेकडेने बघायची सवय केली, पायऱ्या मोजून ठेवल्या, आणि वर्तमानपत्रात आता चुकाच नसतात असं जाहीर करून टाकलं. मनात मात्र एक हिशेब रोज चालायचा. उजव्या डोळ्यात थोडंसं शिल्लक आहे. ते संपायच्या आत ते एक जनावर बघायचं. दुसरं काही नको.

अशात देवळाच्या फाटकावर डेन्झिलची जाहिरात लागली. डेन्झिल त्यांचाच विद्यार्थी. नववीत भूगोलाला चाळीसपैकी अकरा. वर्षावनात सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत का पोहोचत नाही, ह्या प्रश्नाला ‘लोडशेडिंगमुळे’ असं उत्तर लिहिणारा तो हाच. आता म्हणे जंगलांच्या सहली नेत होता आणि नावापुढे ‘निसर्गतज्ज्ञ’ लावत होता. बोर्निओ, लहान बोटीतून वर्षावनाची सफर, फक्त दहा जागा. टीचरांनी मान वाकडी करून जाहिरात कडेने वाचली आणि घरी येऊन त्याला फोन लावला.

“‘कटिबंधीय’मध्ये ट ऱ्हस्व आणि ध दीर्घ. तू उलटं छापलंयस.”

“कोण बोलतंय?”

“हेलन टीचर.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. छत्तीस वर्षांचा, बायकापोरांचा डेन्झिल फोन कानाला लावून उठून उभा राहिला होता. फोन संपला तेव्हा चूक दुरुस्त करायचं ठरलं होतं आणि एक जागा टीचरांच्या नावावर झाली होती.

सुझानने कपाळाला हात लावला. “रान बगायला लोकांच्या देशात कोन जातं? इथं वाडीत पानी सोडायला मानूस मिळत नाय आनि तू माकडं बगायला चालली!”

“तुला नाही कळायचं,” टीचर म्हणाल्या. त्यांचं हे वाक्य पाठ होतं.

नदी चहाच्या रंगाची होती. बोट लाकडी, दोन मजली, खाली पाच खोल्या, वर जेवायची जागा. सकाळ-दुपार त्या बोटीला बांधलेल्या एका छोट्या होडीत बसून आजूबाजूच्या ओढ्यांमध्ये शिरायचं, असा कार्यक्रम. दोन्ही काठांना झाडी भिंतीसारखी उभी. टीचरांना ती हिरवी भिंत कडेने दिसली, तिचा ओला कुजका वास आला, किड्यांचा आवाज कानात घुसला, आणि पाच मिनिटं त्या अगदी खूश होत्या. मग त्यांनी सहप्रवाशांकडे लक्ष दिलं.

दहांपैकी सहाजण विरारच्या एका योगवर्गाचे होते आणि ते श्वाससुद्धा एकदम घेत. वेदांत म्हणून एक तरुण होता, त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स सोसायटीच्या पाण्याच्या पाइपाएवढी होती आणि तो तिच्याशी माणसांपेक्षा जास्त बोलायचा. चंदनसारचे प्रल्हाद आणि त्यांची पत्नी विनिता हे जोडपं होतं. प्रल्हाद विमा कार्यालयातून निवृत्त झालेले. बासष्ट प्राण्यांची छापील यादी त्यांनी घरूनच आणली होती आणि पेन दोरीने गळ्यात अडकवलं होतं. प्राणी दिसला की खूण. विनितावहिनींनी पहिल्याच सकाळी आचाऱ्याला पोह्यांवर ओलं खोबरं आहे का ते विचारलं. डेन्झिलने पोहे वसईहून आणले होते, हे त्यांना पुरेसं वाटलं नाही. सगळ्यांच्या अंगात मळकट हिरवे शर्ट, प्रत्येकाला आठ-आठ खिसे, आणि त्या खिशांत ठेवण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं. टीचर आपल्या सुती फ्रॉकमध्ये आणि सणाला घालायच्या टोपीत बसल्या होत्या. त्यांच्या मते बोटीत व्यवस्थित कपडे घातलेली ती एकच व्यक्ती होती.

पहिल्या फेरीला नावाड्याने इंजिन बंद केलं आणि हनुवटी एका झाडाकडे उचलली. तो मलय भाषेशिवाय काही बोलायचा नाही. जे काही दाखवायचं ते हनुवटीने. डेन्झिल दबक्या आवाजात म्हणाला, “अकरा वाजता, धनेश!”

प्रल्हादांनी घड्याळात बघितलं. साडेसहा झाले होते. “अकरा वाजता यायचाय तर आत्ता कशाला उठवलं?”

अकरा वाजता म्हणजे होडीचं नाक बारावर धरून डाव्या हाताला थोडं पुढे, हे डेन्झिलने समजावून सांगितलं. योगवर्ग आदराने “अच्छा” म्हणाला. टीचरांनी डोळे मिटून घेतले. विमा कार्यालयं अशा माणसांवर कशी चालतात हे कोडं त्यांना पडलं.

“पांढरं खोड, त्याच्या वर. दिसला का?”

“दिसला! दिसला!”

टीचरांनी सरळ बघितलं. मध्ये नेहमीचं भोक, भोकाच्या कडेला हिरवं. मान कलती केली, भोक सरकलं, पण पांढरं खोड नेमकं त्याच्याबरोबर सरकलं. पंखांचा आवाज मात्र आला. मोठा, धापा टाकल्यासारखा आवाज. बाकीचे “वा” म्हणाले.

“टीचर, दिसला ना?”

“दिसला,” टीचर म्हणाल्या.

माहीत असून चुकीचं उत्तर द्यायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. होडी परत फिरेपर्यंत त्यांनी स्वतःला मनातल्या मनात चाळीसपैकी शून्य दिले होते.

पण एकदा दिलेलं खोटं उत्तर दुसऱ्यांदा द्यायला सोपं जातं. दोन दिवसांत टीचरांनी त्यात प्रावीण्य मिळवलं. विनितावहिनी “दिसला” म्हणाल्या की एक श्वास थांबायचं आणि मग आपण म्हणायचं. मगर दिसली, लांब नाकाची माकडं दिसली, झाडावरचा साप दिसला. आणि हे करताना त्यांच्या लक्षात एक गोष्ट यायला लागली, कारण डोळे गेले तरी कान मास्तरणीचेच होते. विनितावहिनींचा ‘दिसला’ डेन्झिलचं वाक्य संपायच्या आत यायचा. योगवर्गाचा सहाही तोंडांतून एकदम. तिसऱ्या दिवशी डेन्झिल ओरडला, “घुबड, घुबड, दोन वाजता!” सगळ्यांना दिसलं. मग तो म्हणाला, “सॉरी, फांदी होती.” तोवर प्रल्हादांनी खूण केलेली होती. ती त्यांनी खोडली नाही.

तो आवाज टीचरांनी ओळखला. चौतीस वर्षं ऐकलेला आवाज. धडा संपवून “समजलं का?” म्हटलं की वर्गातून एक लांब ‘होऽऽ’ यायचा आणि मग सहामाहीच्या पेपरात कळायचं काय समजलंय ते. ह्या लबाडीचा त्यांना जन्मभर संताप आला. आणि तेव्हाच त्यांना आठवलं की एक मुलगा कधी ‘होऽऽ’ म्हणायचा नाही. तो उभा राहून म्हणायचा, “नाय समजलं, टीचर.” टीचरांना तो आगाऊपणा वाटायचा. तीन वेळा त्यांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. चौथ्यांदा डेन्झिलही ‘होऽऽ’ म्हणाला, आणि त्या खूश झाल्या होत्या. होडीत बसून हे आठवल्यावर टीचरांना स्वतःचीच चीड आली. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. असल्या गोष्टी कबूल करायची त्यांना सवय नव्हती.

रोज सकाळी त्या डेन्झिलला एकच विचारायच्या, “ओरांगउटान कधी?” गृहपाठ कुठाय असं विचारायच्या त्याच सुरात.

“टीचर, जंगल आहे, टाइमटेबल नाय लावलेलं इथं. टेन्शन नका घेऊ.”

“मला टेन्शन येत नाही. मी विचारतेय.”

चौथ्या दिवशी दुपारी त्याने आपली दुर्बीण त्यांच्या हातात दिली. पलीकडच्या काठावर हत्ती पाणी प्यायला उतरले होते. टीचरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. सगळं काळं. डोळ्यांवर दुर्बीण लावली की कडेचंही जातं, असं त्यांना वाटलं. त्यांनी एक योग्य तेवढा वेळ जाऊ दिला आणि म्हणाल्या, “वा. फार सुंदर.” दुर्बीण खाली घेताना बोटांना पुढची टोपणं लागली. दोन्ही जागच्या जागी होती.

डेन्झिल शेजारीच बसला होता. तो दुसऱ्या काठाकडे इतक्या एकाग्रतेने बघत होता की त्याने सगळं पाहिलंय हे आंधळ्यालाही कळलं असतं. टीचरांचे कान तापले. दुपारभर त्या वाट बघत राहिल्या, की आता हा हात धरेल, आता ‘पायरी’ म्हणून ओरडेल, आणि त्याने तसं केलं तर काय बोलायचं ते त्यांनी शब्दन् शब्द तयार ठेवलं होतं. तो काहीच बोलला नाही. होडीतून बोटीत चढताना त्याने कोपर थोडं बाहेर काढून ठेवलं होतं, दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत. टीचर त्याच्या कोपराला वळसा घालून चढल्या आणि त्यांची नडगी फळीला आपटली.

शेवटची सकाळ. दुपारी परतीचा प्रवास सुरू होणार होता. होडी एका अरुंद ओढ्यात शिरली, इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींना लागत होत्या आणि टोपीवर पाणी ठिबकत होतं. नावाड्याने इंजिन बंद केलं. हनुवटी वर गेली आणि ह्या वेळी तिथेच राहिली.

“ओरांगउटान,” डेन्झिल कुजबुजला. “मादी आहे. पिल्लू पण आहे. बरोबर समोर, वर.”

टीचरांनी समोर, वर बघितलं. भोक. मान डावीकडे कलती केली, उजवीकडे केली, हनुवटी छातीला लावून भुवयांच्या खालून बघितलं. हिरवं हलत होतं, तपकिरी हलत होतं, पण ओढ्यातला वारा सगळ्याच फांद्या हलवत होता. वरून पानं तुटल्याचा आवाज येत होता, अगदी जवळून. तीस-चाळीस फुटांवर ती बसली होती, चौतीस वर्षं खडूने काढलेली, आणि टीचरांना ती दिसत नव्हती. उजव्या डोळ्यात जे थोडंसं शिल्लक आहे असं त्या दोन वर्षं धरून बसल्या होत्या, ते पुरेसं नव्हतं.

वेदांतचा कॅमेरा खडखडत होता. विनितावहिनी म्हणाल्या, “किती गोड गं! अगदी आमच्या नातवासारखं तोंड आहे!” प्रल्हादांनी यादी मांडीवर घेऊन खूण केली आणि तिच्याभोवती गोल काढला. दहा मिनिटांत योगवर्गातल्या एका बाईंनी हळूच नाश्त्याचा विषय काढला. तो बाकीच्यांना पटला.

“सगळ्यांना दिसली?” डेन्झिलने विचारलं. हे तो प्रत्येक वेळी विचारायचा.

“होऽऽ!”

नावाड्याचा हात इंजिनच्या दोरीवर गेला. टीचरांना सगळं स्पष्ट कळत होतं. गप्प बसलं की होडी निघेल, आणि ही ओरांगउटान कायमची गेली. बोललं की ह्या नऊ तोंडांना कळेल, आणि रविवारपर्यंत होळीत असं एकही घर उरणार नाही जिथे हे माहीत नाही. देवळाच्या पायऱ्या, चार बाया, दोन्ही दंडांना हात.

“मला दिसली नाही,” टीचर म्हणाल्या. वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. वरती पानं तुटायची क्षणभर थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली.

“अहो, ती काय समोर!” विनितावहिनींनी बोट लांब केलं. “एवढी मोठी!”

“टीचर! इकडे! इकडे बघा!” प्रल्हाद ओरडले, आणि उठून त्यांनी टीचरांचं डोकं दोन्ही हातांत धरून वळवायला घेतलं. लगेच. गाव कशाला हवा होता.

टीचरांनी त्यांचे हात बाजूला केले. “मला ऐकू येतं. दिसत नाही. डोळ्यांचा मधला भाग गेलाय, दोन वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून मी ‘दिसला, दिसला’ म्हणत होते ते सगळं खोटं होतं. तुमच्यातल्या निम्म्यांचंही खोटंच होतं, पण तो तुमचा प्रश्न आहे.”

प्रल्हादांनी यादीची घडी घातली. विनितावहिनींच्या तोंडून एक ‘अगंबाई’ निघाला आणि हवेतच राहिला. डेन्झिलने नावाड्याला हाताने थांबवलं आणि दोन माणसांना सरकवून तो टीचरांच्या शेजारच्या फळीवर येऊन बसला.

“सांगू का, टीचर?”

“सांग. ‘मस्त आहे, भारी आहे’ नको. नीट सांग.”

डेन्झिलने घसा साफ केला. “बसलीय.”

“कुठे?”

“झाडावर.”

“झाडावर! कसलं झाड? किती उंच? कुठल्या फांदीवर?”

त्याने वर बघितलं, ह्या वेळी खरोखरच बघितलं. “उंबरासारखं झाड आहे. आपल्या देवळाची घंटा आहे ना, तेवढ्या उंचीवर फांदी दोन ठिकाणी फुटलीय. त्या बेचक्यात बसलीय. आपल्या होळीच्या बाजारात काकी लोक भाजी घेऊन बसतात, एक गुडघा वर आणि एक पाय लांब सोडून, सेम तशी.”

“रंग?”

“लाल.”

“कसला लाल?”

त्याने डोळे बारीक केले. “नारळाचं सोडण पाण्यात भिजलं की होतो तसा. ऊन पडलंय तिथं केशरी. खाली पोटाकडे काळपट.”

“हात?”

“डावा वर आहे, वरची फांदी धरलीय. खूप लांब हात, टीचर, खूपच लांब. केस खाली लोंबतायत. उजव्या हातानं डहाळी ओढते आणि पानं ओठांनी तोडते. ओठ पुढे काढते, चहा गरम असला की आपण काढतो तसे.”

वेदांतने कॅमेरा खाली घेतला होता आणि तो नुसत्या डोळ्यांनी डावा हात शोधत होता. योगवर्ग माना वर करून बसला होता, ह्या वेळी प्रत्येकजण वेगवेगळा.

“अय्या, ती होय!” विनितावहिनी एकदम म्हणाल्या. “मी मगापासून पलीकडच्या झाडाकडे बघत होते.”

कुणी हसलं नाही. टीचरांनाही त्यांच्याकडे द्यायला लक्ष शिल्लक नव्हतं.

“पिल्लू?”

“पोटाला चिकटलंय. डोकं तेवढं बाहेर आहे. केस सगळे उभे, झोपेतनं उठवल्यासारखे. एका हाताने आईच्या काखेतले केस धरलेत. दुसरा हात दिसत नाय.”

“दिसत नाही तर दिसत नाही म्हण. बरोबर आहे. कुठे बघतंय?”

डेन्झिलने टीचरांकडे बघितलं. टीचर तोंड वर करून बसल्या होत्या, टोपी मागे घसरली होती, डोळ्यांतून पाणी आलेलं त्यांनी पुसलं नव्हतं.

“तुमच्याकडे बघतंय, टीचर,” तो म्हणाला.

“डेन्झिल.”

तो ओशाळला. “नाय. पानाकडे बघतंय. आपल्याकडे त्याचं लक्षच नाय.”

“मग तसं सांग,” हेलन टीचर म्हणाल्या. “पुढे.”